गेटवर विनाकारण उभं राहू नये

आई, आम्ही घर बदलतोय. तू ज्या घरात गेलीस त्याच घरात आम्ही इतकी वर्षं काढली, लोणावळ्याच्या बाजारामागच्या तिसऱ्या मजल्यावर. तुला त्या जिन्याचं काही वाटायचं नाही. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढायचीस आणि दम खायचा तो वर आल्यावर, ओट्याला टेकून. आता तुझ्या सुनेचे गुडघे गेलेत. खाली उतरली की परत चढवत नाही, म्हणून ती उतरतच नाही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझ्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स बोलावली, तर ती फिरायला आलेल्या लोकांच्या गाड्यांत अडकली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलांनी मला खुर्चीत बसवून उतरवलं आणि स्कूटरवर मधे धरून दवाखान्यात नेलं. निघालं काही नाही, पित्त होतं. पण मी परत आलो तेव्हा ही उंबऱ्यात बसली होती, आणि तुझा नातू तिच्या शेजारी, तिचा पदर मुठीत धरून. ती म्हणाली, "तुम्हाला काही झालं असतं तर ह्याला घेऊन मी ह्या जिन्यानं कशी उतरले असते?"

तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता कानाजवळ केस पिकलेत. दाढी मी करून देतो, आंघोळीला पाणी ही काढते. बोलणं तेवढंच आहे, तुझ्या वेळी होतं तेवढं, चार-दोन शब्दांचं. त्याची बहीण नाशकात असते, तिची नोकरी, तिची दोन मुलं. फोन रोज करते. घर बघायचं ठरलं तेव्हा तिनं दहा गोष्टी सांगितल्या, लिफ्ट बघा, डॉक्टर जवळ बघा, पाण्याचं विचारा. आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती आम्ही एकमेकांनाही मोठ्यानं सांगितली नव्हती. आमच्यामागे हा जिथं राहू शकेल, असं घर हवं होतं.

आधी कुरवंड्याकडे गेलो. तुला ती वाट आठवत असेल, आता तिथं बंगल्यांच्या रांगा आहेत. हवा चांगली, समोर डोंगर. पण निम्म्या बंगल्यांना कुलपं, आणि उरलेले शनिवार-रविवारी भाड्यानं जातात. शेजारी कोण, असं विचारलं तर दाखवणारा माणूस हसून म्हणाला, "काका, दर आठवड्याला नवा शेजारी." ही गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "इथं हा वाट चुकला तर ह्याला ओळखणारं कोण आहे?"

मग शिरगावच्या बाजूला एक वसाहत बघितली. खास निवृत्त लोकांसाठी बांधलेली. आई, खरं सांगतो, तिथं पाऊल टाकलं आणि माझे ताठलेले खांदे सैल झाले. कुठेही पायरी नाही, सगळीकडे उतार. बाथरूममध्ये धरायला दांड्या. झाडाखाली बाक, आणि त्या बाकांवर माझ्याच वयाची माणसं काहीही न करता बसलेली. दवाखाना आत, जेवणघर आत. व्यवस्थापक बाई आम्हाला खोल्या दाखवत होत्या तेवढ्यात आमच्या लक्षात आलं, हा बरोबर नाही. शोधत गेलो तर जेवणघरात होता. दुपारच्या जेवणाची ताटं मांडायला घेतली होती त्यानं. ताट, डावीकडे वाटी, उजवीकडे पेला. प्रत्येक पेला एकदा उलटा करून झटकायचा आणि मग ठेवायचा. वाढणारी बाई बाजूला उभी राहून बघत होती.

हे त्याला तू शिकवलंस. तू तेव्हा स्टेशनाजवळच्या आरोग्यभवनात स्वयंपाकाला होतीस आणि शाळेनं त्याला परत पाठवलं होतं. मी रेल्वेत, ही आजारी. तू काही न विचारता त्याला सोबत घेऊन जायला लागलीस. मला तो दिवस दिसतो. मी ड्यूटी संपवून तुम्हाला न्यायला आलोय. स्वयंपाकघरात वाफ कोंडलीय, कढईत बटाट्याची भाजी, आणि हा पाटावर बसून पेले झटकतोय. तिथला मुख्य आचारी कुरकुरतो की पोराला इथं आणू नका, हवापालटाला आलेले लोक काय म्हणतील. तू भाजी हलवत राहतेस आणि त्याच्याकडे न बघता म्हणतेस, "त्यो हितं बसल्यानं तुमचं काय करपलं, ते दावा. मंग न्हेते त्येला घरी." त्याच दिवशी वाटेत माझ्या ओळखीचा एक जण भेटला, आणि याच्याकडे बघून त्यानं काही विचारायच्या आत मी म्हणालो, "त्याला काही कळत नाही." तो माणूस गेल्यावर तू रस्त्यातच थांबलीस. "त्येला काय कळतं, ते तुला कळत न्हाई," म्हणालीस. "पुन्यांदा लोकांम्होरं आसं म्हनू नगं." मी तेव्हा बाप होतो दोन पोरांचा, आणि खाली मान घालून घरापर्यंत चाललो.

शिरगावच्या बाईंनी आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा दिला. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पंचावन्नच्या खालच्या माणसाला तिथं राहता येत नाही, असा नियम आहे. मुलं-नातवंडं पाहुणी म्हणून येऊ शकतात, थोडे दिवस. "पण रहिवाशांची समिती आहे, तिला विचारून बघा," त्या म्हणाल्या. विचारलं. पुढच्या आठवड्यात आम्हा तिघांना बोलावलं.

समितीत चार-पाच जण होते. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी, अंगात घरी विणलेला स्वेटर. मृदू बोलणारा माणूस. हा रात्री ओरडतो का, कुणाच्या अंगावर जातो का, गॅसला हात लावतो का, असं सगळं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होते, मी उत्तरं दिली. हा माझ्या शेजारी बसून त्यांच्या स्वेटरची बटणं बघत होता. मग एक बाई बोलल्या, हिच्याच वयाच्या. "वाईट वाटून घेऊ नका. सासू-सासऱ्यांचं केलं, मुलांचं केलं, नवऱ्याचं केलं. आता कुणाचंच करायचं नाही, म्हणून मी इथं आलेय. सकाळी उठून मला पुन्हा तेच डोळ्यांसमोर नको." मला त्यांचा राग आला नाही, आई. त्यांच्या जागी मी असतो तर धीर करून हेच बोललो असतो.

ते आपसात बोलले. मग अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही दोघं आहात तोवर आमची हरकत नाही. दोघांपैकी एक जण असेल तोवरसुद्धा. त्यानंतर मात्र त्याची सोय तुम्ही दुसरीकडे केलेली असली पाहिजे. एवढं मान्य असेल तर या."

हिनं शांतपणे विचारलं, "त्यानंतर म्हणजे त्याच दिवशी का?"

अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. "तसं नाही हो वहिनी. काही दिवस देऊच की."

"बरं," ही म्हणाली आणि टेबलाला धरून उठली. "चल रे. नमस्कार कर सगळ्यांना." त्यानं केला. एकेकापुढे जाऊन, त्या बाईंनाही. परतताना रिक्षात ही गुडघे चोळत होती. मला तो झाडाखालचा बाक दिसत राहिला.

सोमाटण्याची जागा आम्ही दमल्यामुळे बघितली, आवडेल म्हणून नाही. हायवेच्या जवळ, दिवसभर ट्रकचा आवाज, खिडकीच्या गजांवर धूळ. साध्या लोकांची सोसायटी, चार इमारती, मधे पोरांचं क्रिकेट. तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर रिकामं होतं. सोसायटीचा सेक्रेटरी तळेगावच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून थेट आला होता, अंगात कंपनीचाच शर्ट. नियम वाचून दाखवायची त्याची पद्धत होती. गॅलरीत रस्त्याच्या बाजूनं कपडे वाळत घालू नयेत. दुपारी ठोकाठोक करू नये. पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावाव्यात. गेटवर विनाकारण उभं राहू नये.

तिथं मी त्याला थांबवलं. म्हटलं, "हा उभा राहणार. हा रोज गेटवर उभा राहून गाड्यांना सलाम करतो. तिकडे लोणावळ्यातही करतो. आधीच सांगतो, नंतर तक्रार नको."

त्यानं आमच्या लेकाकडे बघितलं. हा तेव्हा त्याच्या शर्टावरची कंपनीची खूण बोटानं गिरवत होता. "काका, विनाकारण म्हटलंय," तो म्हणाला. "ह्याला कारण आहे की. ड्यूटी आहे ह्याची." आणि पुढचा नियम वाचायला लागला. पाण्याच्या टाकीचा. थोड्या वेळानं मात्र थांबून त्यानं विचारलं, "वॉचमन शिट्टी वाजवतो, त्याला घाबरणार नाही ना? नाहीतर तुमच्या बाजूला नको म्हणून सांगतो." हिनं माझ्याकडे बघितलं. घर ठरलं.

आमच्यामागे त्याला इथून कुणी जा म्हणणार नाही, एवढं आहे. पण घर राहील म्हणजे तो राहील असं नाही. त्याला जेवायला कोण घालणार, दाढी कोण करणार, ते ह्या घरानं सुटलेलं नाही. आम्ही ते बोलत नाही. डबे भरतोय, भांडी बांधतोय. तुझा पाटा ही नेणार म्हणतेय, उचलत नाही तरी.

काल नाशकाहून फोन आला. लेक म्हणाली, "बाबा, दादाला कुठली खोली देणार?" मी म्हटलं, गेटाच्या बाजूची. "छान," ती म्हणाली. "आणि मी आले की कुठं झोपायचं?" मी हसलो. म्हटलं, बाहेरच्या खोलीत पुष्कळ जागा आहे. आमच्यामागे दादाला तू बघशील का, हे तेव्हा विचारता आलं असतं. ती थोडी थांबलीही, बहुतेक त्यासाठीच. मी पावसाचं विचारलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही. ती लगेच हो म्हणेल, आणि माझ्या आवाजातला हा थकवा आत्तापासूनच तिच्या होकारात ऐकू येईल, म्हणून मी विचारत नाही.