यांच्या आजाराचा हेवा

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. दानेश्वरी अक्का हिस सौंदर्याचा शरणार्थ.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर उतरली का? (रिपोर्ट पाठवू नकोस, उतरली किंवा नाही एवढंच लिही. घरात एक डॉक्टर असली की नातेवाइकांची खुशाली लघवीच्या तपासणीसकट येते.) इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

यांच्याबद्दल निपाणीपर्यंत अर्धंमुर्धं पोचलं असेलच, तर नीट सांगते. डिसेंबरात एका सोमवारी हे नेहमीसारखे दवाखान्यात गेले, गाडी लावली आणि आतच बसून राहिले. (यांचं कान-नाक-घसा खाली, माझी बाळंतपणं वरच्या मजल्यावर, हे तुला माहीत आहे.) तासाभरानं आमचा म्हातारा कंपाउंडर केरबा वर आला आणि म्हणाला, "डाक्टर गाडीत बसल्यात आन् उतरंनात." मी खाली धावले. हे स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "उतरायला जमत नाही गं." वीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून 'जमत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. शेजारी बसून हात धरला तर तो गार पडलेला. अक्का, त्या दिवशी मी मनापासून घाबरले होते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू मला दुष्ट म्हणशील.

सांगलीच्या मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलं की रोजचे शंभर पेशंट बघून बघून यांचं मन थकलंय, दोन महिने दवाखान्याचं तोंड बघायचं नाही. मला वेगळं बोलावून म्हणाले, तुम्ही खंबीर आहात, तुमच्यामुळे काळजी नाही. आठवडाभर मला त्याचा अभिमान वाटला. मग सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, ते फक्त यांच्यासाठी. हे आठ दिवस नृसिंहवाडीला जाऊन आले, नदीकाठी बसून, बासुंदी खाऊन, गालावर रंग घेऊन. आता दुपारी झोपतात. संत्र्याची एकेक शीर सोलून खातात. खिडकीबाहेरच्या झाडावर कुठला पक्षी बसतो ते मला सांगतात. (तिथं झाड आहे हेच मला ठाऊक नव्हतं.) मी सकाळी दोन सिझेरियन उरकून उभ्या उभ्या पोहे खात असते, तेव्हा शेजारच्या अंबूबाई येऊन हळू आवाजात विचारतात, "साहेब कसे आहेत?" मी म्हणते बरे आहेत. त्या निघून जातात. अक्का, नवऱ्याला दुसरी बाई आवडली असती तरी एवढी जळले नसते, तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. आजाराचं काय धरणार?

शेवटी गेल्या मंगळवारी मी ठरवलं. गाडी लावली, किल्ली काढली आणि बसून राहिले. केरबा आला. मी म्हटलं, उतरायला जमत नाही. तो "व्हय बाईसाहेब" म्हणून गेला. मला वाटलं, आता घरी फोन होणार, सासूबाई रिक्षानं येणार, डिंक तळायला घेणार. मी मान मागे टाकून डोळेसुद्धा मिटले. पाच मिनिटांनी केरबा ब्लडप्रेशरचं यंत्र आणि स्टूल घेऊन हजर. म्हणाला, "तुमी निवांत बसून ऱ्हावा, पेशंट हितंच आणतो." आणि त्यानं खरोखर रांग लावली. दहा बायकांना मी ड्रायव्हरच्या सीटवरून तपासलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका पावण्याला हा फिरता दवाखाना वाटला, तो खिडकीत तोंड घालून दाढ दाखवून गेला. (किडलेली होती. सांगितलं तसं.)

शेवटची तानाबाई, सातवा महिना, शिरोलीहून दोन बस बदलून आलेली. शेजारच्या सीटवर बसली, दंड पुढे केला, आणि मी पट्टा बांधत असताना माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमास्नी बरं न्हाय का?"

डिसेंबरपासून हे मला कोणीही विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "बरी हाय की." तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, दार उघडलं आणि उतरले. वर दोघी कळा देत होत्या.

रात्री जेवताना यांना हे सांगितलं. दाढवाल्या पावण्यापर्यंत आले आणि हे हसायला लागले, इतके की ठसका लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीभर सांगितलं की वाडीच्या महाराजांनी माझ्या मल्लेशला हसवलं. म्हणजे फजिती माझी, गुण यांना, आणि श्रेय महाराजांना.

असो. हे पुढच्या सोमवारपासून दवाखान्यात बसणार आहेत, फक्त सकाळी. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सौंदर्या

ता. क. हे कामावर आले की मी गुरुवारी तुझ्याकडे चार दिवस येते. गल्लीतल्या बायकांना मी डॉक्टर आहे हे सांगू नकोस. शिक्षिका आहे म्हण.

ता. क. दुसरा. शुक्रवारी आपल्याला बेळगावला जायचं आहे. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. कोल्हापूर-सांगलीत कुठेही गेले तरी बाकड्यावर माझ्या हातून मोकळी झालेली एखादी बाई भेटणारच. नाव विचारलं तेव्हा मी घाबरून तुझं सांगितलं, आणि फोन नंबरही तुझाच दिला. तिथून फोन आला आणि दानेश्वरीबाईंना झोप लागते का असं विचारलं, तर दाजींना उचलू देऊ नकोस. तूच घे आणि सांग, वर्षभर लागलेली नाही. यांच्या आधीपासून.