दफतरे

अप्पा, बसच्या अर्जाला पुन्हा उत्तर आलंय. तुमच्या नाही, या खेपेला माझ्या अर्जाला. डिंडोलीतल्या बायकांनी मला भरीला घातलं, तू शिकलेली, तू लिही. म्हणून मी लिहिलं, डिंडोली ते सचिन एक बस द्या. गेल्या आठवड्यात पाकीट आलं. वाक्य तेच, एक अक्षर बदललेलं नाही: आपनी अरजी दफतरे करवामां आवेल छे. मी तिथेच उभी राहून हसायला लागले, तर बायकांना वाटलं बस मिळाली. त्यांची समजूत काढता काढता मला तुमची फार आठवण आली.

पहिला कागद आला तो तुमच्या सुट्टीचा दिवस होता. आई आत कळण्याच्या भाकरी थापतेय, तुम्ही पायरीवर बसलाय, केसांत लूमचं सूत अडकलेलं, जे आंघोळ करूनही कधी पुरतं निघायचं नाही. अर्जावर तुम्ही अख्ख्या चाळीच्या सह्या आणि अंगठे गोळा केले होते. अर्जातलं गुजराती माझं होतं, मराठी शाळेच्या सातवीतलं, तेव्हा ते कसं असेल ते बघा. "काय लिखेल शे, वाची दाखाड," तुम्ही म्हणालात. मी अडखळत वाचलं. दफतर म्हणजे आपल्यात एक तर माझी पुस्तकांची पिशवी, नाहीतर कचेरी. अर्ज माझ्या पिशवीत गेला नव्हता, तेव्हा कचेरीतच गेला असणार! मी तसं सांगितलं आणि तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "दप्तरमा गया ना आपला अरज! आते बस येईच." आतून आई म्हणाली, "येई तवय खरं." तुम्ही तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या एका दगडाला तुम्ही चुना फासलात. थांबा कुठे असावा हे बसवाल्यांना कळायला नको का, असं तुमचं म्हणणं. चाळीतले लोक तुम्हाला कंडक्टर म्हणायला लागले, "दोन तिकिटं सचिन" असं ओरडायचे, आणि तुम्हीही हाताने तिकीट फाडून द्यायचात. पण मग त्याच दगडापाशी शटल रिक्षा यायची, रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा निळा धूर सोडत, आणि तिघांच्या रिक्षात नऊ माणसं कोंबली जायची. तुम्ही कायम ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे आत, अर्धे बाहेर. एवढं करून उशीर झाला की सचिनच्या खात्यात (लूमच्या कारखान्याला तुम्ही सगळे खातंच म्हणायचात) सेठ अर्धा दिवस मांडायचा. तरी त्या महिन्यात तुम्ही खुशीत होता.

आता जे सांगायचंय ते. कागद आल्यावर थोड्या दिवसांनी मी आमच्या गुजरातीच्या बेनना ते वाक्य विचारलं, उगाच, वहीत लिहून घ्यावं म्हणून. त्या खडू पुसत म्हणाल्या, "दफतरे करवुं एटले फाइल बंध. वात पूरी." मी घरी आले ती हे सांगायलाच, की अर्ज बंद करून टाकलाय, बस येणार नाही. पण त्या संध्याकाळी तुम्हीच बातमी घेऊन आला होता. सेठने खात्यामागची एक खोली देऊ केली होती. राहायला तिकडेच या, रोजची ओढाताण संपेल. आई म्हणाली, "तठे मराठी शाळा नही. पोरनं शाळामाईन नाव काढनं पडी." तुम्ही ताटातला घास तसाच ठेवून विचारात पडलात. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "कसाले जावानं? बस येईच ना आते. दप्तरमा शे ना आपला अरज?"

"हा अप्पा, शे," मी म्हटलं.

तुम्ही सेठला नाही म्हणून सांगितलंत. पुढच्या उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या, उधन्याच्या पुढे एका वळणावर तुम्ही रिक्षातून बाहेर फेकले गेलात. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हर आईच्या पाया पडून रडला, आणि दोन दिवसांनी त्याच जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवून त्याची रिक्षा त्याच रस्त्याने गेली. तो तरी काय करणार होता? माणसांना जायचं तर होतंच.

मग प्लेग आला आणि गेला. त्यानंतर शहर असं झाडून-पुसून काढलं की तुम्हाला ओळखू येणार नाही. रस्ते रुंद झाले, त्या रुंदीकरणात तुमचा दगड गेला. पूल उभे राहताहेत. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून पैसा निघतो, अप्पा, हवा तेवढा निघतो. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी हे एक वाक्य आहे. मी पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात हिशेबनीस आहे, रोज शटलनेच जाते. कडेला बसलेल्या माणसाचा शर्ट मी मुठीत धरून ठेवते. सुरुवातीला लोक चमकून बघायचे, आता सवय झालीय. बस येईल असं मला वाटत नाही. बायका पुन्हा लिही म्हणताहेत, लिहीनही, पण वाटत नाही.

तुमचा कागद माझ्या शाळेच्या जुन्या दप्तरात आहे. परवा नवा त्याच्यावर ठेवला, आता हे पत्रही त्यातच जाईल. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, की तुमचा हिरमोड होऊ नये म्हणून मी त्या संध्याकाळी खोटं बोलले. तसं नव्हतं, अप्पा. तुमचा विचार माझ्या मनात आलाच नाही. मला शाळा सोडायची नव्हती.