तमनाथकरसाहेबांचा एकशेसेहेचाळीस

मोहोपाडा, ९ फेब्रुवारी १९८१

तीर्थस्वरूप धर्माजीमामांस चंदरचा सप्रेम जय भीम.

मालनमामींचा गुडघा कसा आहे? तुमचं भिवपुरीचं पॉवरहाऊस सुरळीत असेल. (परवा इकडे दोनदा वीज गेली म्हणून विचारतो, तुमच्यावर संशय नाही.) मी खुशाल आहे, पण महिनाभर आमच्या प्रयोगशाळेत जे चाललं ते ऐकून म्हणाल, चंदर, त्यापेक्षा भात लाव.

कारखान्याने मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र आणलंय. तो एक काटाच समजा. हवा काढून टाकलेल्या नळीत रेणूला विजेचा तडाखा द्यायचा, तो फुटतो, आणि तुकड्यातुकड्याचं वजन कागदावर काडीसारखं उमटतं. आमचा सगळा माल सेंद्रिय गंधकाचा (वास असा, की इथल्या न्हाव्याने मला आधी आंघोळ करून यायला सांगितलं). गंधक असला की मोठ्या काडीपुढे एक घर सोडून पिटुकली काडी येतेच, कारण थोडा गंधक मुळातच दोनने जड असतो.

तर जानेवारीपासून प्रत्येक नमुन्यात १४६वर काडी आणि १४८वर तिची पिटुकली! आमच्या मालात १४६ वजनाचं काहीच नाही. नळ्या धुतल्या, तापवल्या, काडी हलेना. पुस्तकात शोधलं तर निघालं लसणाचं तेल. आमचे प्रमुख तमनाथकरसाहेब (स्वतःच्या सहीवरही संशय घेणारा, नमुन्याची प्रत्येक नळी हातात घेऊन पाहणारा माणूस) म्हणाले, "हे कुणीतरी मुद्दाम घालतंय."

कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं, की पंप सांभाळणाऱ्या शब्बीरच्या डब्यात रोज लसूण असतो. झालं! चौकशी होईपर्यंत शब्बीर घरी. जाताना मला म्हणाला, "चंदर, तू तरी सांग रं, मी कायपण केलं नाय." घरी म्हातारी आई सफुराबी आणि दोन लेकरं. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

मग साहेबांनी नमुने कपाटात घातले, किल्ली गळ्यात बांधली आणि प्रत्येक नमुना स्वतःच्या हाताने यंत्रात घालू लागले. काडी दुप्पट झाली! आता संशय माझ्यावर. माझा डबा हुंगला, खिसे पाहिले. मीही मग त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागलो.

गेल्या आठवड्यात साहेब दोन दिवस माथेरानला गेले. किल्ली नाइलाजाने माझ्याकडे. मी तेच नमुने कोऱ्या नळ्यांत भरून घातले, तर १४६चा पत्ता नाही! ते परतल्यावर मी धीर करून म्हणालो, "साहेब, ही कोरी काचेची नळी. हिला नुसतं बोट लावा."

लावलं. नळी यंत्रात गेली. १४६ उमटला, १४८ उमटला. साहेबांनी कागद दोनदा तपासला. मग हळूच म्हणाले, "जानेवारीपासून रोज सकाळी दोन पाकळ्या. कच्च्या. रक्तदाबासाठी. मीच सोलतो." कुणावरच भरवसा नाही म्हणून सगळे नमुने स्वतः हाताळले, आणि सगळे स्वतःच बाटवले!

माणूस मात्र सरळ. त्याच दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून खालापूरला शब्बीरच्या दारात गेले आणि हात जोडले. शब्बीर म्हणाला, "साहेब, आदी हात धुवा, मग जेवायला बसा." काल तो कामावर आला.

मामींना जय भीम. कळावे.

तुमचा भाचा,
चंदर

ता. क. शब्बीर येत्या रविवारी तुमच्याकडे येणार आहे. मी त्याची नोकरी वाचवली, म्हणून मला वाढवणारा मामा पाहायचाच म्हणतो. त्याला पोटभर जेवू घाला.

ता. क. दुसरा. 'शब्बीरच असणार, साहेबांना मीच सांगितलं' असं घाईत दोन ओळींत लिहिलेलं माझं मागचं पत्र तुम्ही दारामागच्या तारेला टोचलं असेल, आणि पाहुण्यांना माझी पत्रं वाचून दाखवायची तुम्हाला हौस. तेवढं रविवारच्या आत चुलीत घाला. त्याला मी स्वतः सांगणार आहे. रोज ठरवतो, पण तो मला चहा पाजतो आणि जीभ उचलत नाही.

हे पत्रही चुलीतच घाला.