माझ्या अक्षरातली अकरा नावं

१५ नोव्हेंबर १९७६, सोमवार

शेवटी पकडलंच. दुसऱ्या तासाला कंपाउंडवरनं बाहेर उडी मारली तर खाली होनराव सर उभे — आमचे मराठीचे. वाटलं, आता कान गेला. तर विचारतात, "कुठं निघालास मल्लप्पा?"

म्हटलं, "कन्ना चौकात. अस्वलवाला आलाय."

"जा. पण येऊन लिहून दे. कोण, कुठं, कधी. शनिवारच्या भित्तिपत्रकात लावू. नाहीतरी हिंडतोसच, तर कामाचं हिंड."

म्हणजे मी शाळेचा बातमीदार. नववीत दोनदा बसलेला, अठरा वर्षांचा घोडा! वर्गातली पोरं मला काका म्हणतात.

लिहिलं — अस्वल बघायला लई गर्दी होती. सरांनी कागद परत केला. "लई म्हणजे किती? अस्वलाचं नाव काय?" परत कन्ना चौक. त्रेसष्ट माणसं. नाव सुंदरी.

१८ नोव्हेंबर

नळावरच्या रांगेची बातमी आणायला गेलतो. वाटेत एक पेंटर सिनेमाच्या बोर्डावर नटीचं नाक काढत होता. तीनदा पुसलं त्यानं. चौथं जमलं तोवर नळ गेलेला.

२० नोव्हेंबर, शनिवार

पहिला अंक लागला. मोठा ड्रॉइंगचा कागद, सगळा माझ्या हातचा. सर लांब उभं राहून बघत होते. म्हणाले, "अक्षर झकास आहे रे. इथनंसुद्धा तुझं म्हणून ओळखू येतं."

माझ्या कशालाच आजवर कुणी झकास म्हटलेलं नाही. घरी येऊन शरणम्मा आत्याला सांगितलं. "अक्षरानं पोट भरतंय का रे?" म्हणाली. पण भाकरीवर तूप जास्त पडलं.

२१ नोव्हेंबर

दिवसभर हणमंताबरोबर. हातगाडी ओढतो तो, सुताचे गठ्ठे हातमागवाल्यांकडं पोचवतो. चढाला मी मागनं ढकलतो, उताराला वर बसतो — असा करार. लक्ष्मी मार्केटच्या मागं लिंबाखाली गाडी लावतो आणि तिच्यावरच झोपतो. गाव केम. माघात लग्न आहे त्याचं. पोरीचं नाव मनकर्णा.

केमला आईला कार्ड धाडायचं होतं. तो सांगतो, मी लिहितो. "लिही — गाडीला नवी दोरी घेतली. लगीन झालं की खोली बघनार. पोरं साळंत घालनार."

म्हटलं, "अजून बायको नाही, पोरं कुठली काढलीस?"

"चार. नावंबी ठरलीत."

लिहून झालं की कार्ड हातात धरून बसतो. वाचता एक अक्षर येत नाही. चिडवलं तर म्हणतो, "वाचाया न्हाय येत, पन वळखाया येतंय की. तुझा म कसा, बसलेल्या म्हशीवानी. शंभर कार्डांतनं काढून दावीन."

२४ नोव्हेंबर

थंडी लई पडलीय. झोप नव्हती म्हणून पहाटे बाहेर पडलो. किती माणसं उघड्यावर झोपतात गावात! ओट्यावर, पायरीवर, गाडीवर. रोज बघतो की मी, पण आज दिसली. सरांना सांगितलं तर डोळे चमकले त्यांचे. "ही बातमी. पण नुसतं बिचारे बिचारे करू नकोस. कोण, कुठं, कधी — मग वाचणाऱ्याला ते माणूस दिसतं."

२६ नोव्हेंबर

तीन पहाटा घातल्या. अकरा माणसं, नावानिशी. कुठं झोपतात, कधी येतात, कधी उठतात. पहिले सिद्रामप्पा, साठीचे, बाजाराच्या ओट्यावर. सातवा हणमंत. त्याला विचारलं, तुझं नाव घालू का? "घाल की. पेपरात आलो म्हनून केमला सांगू."

वाटेत कुठंही थांबलो नाही. पहिल्यांदाच.

२७ नोव्हेंबर, शनिवार

शिपायापासून सगळ्यांनी वाचलं. दहावीची पोरं पण. हेडमास्तर दोनदा येऊन गेले.

"हे सगळे खरे आहेत?"

"मोजून, सर."

"हं. वयं पण विचारायची होतीस."

वयं कशाला?

२९ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा निवत होता, कुणी कप उचलत नव्हतं. मी खिडकीखाली थांबलो. बातमीदाराला चालतं.

शाळेला सात केसेस आणायच्यात, नसबंदीच्या. दहा तारखेच्या आत. नाही आणल्या तर बदल्या, त्या पण पार टोकाला. कुणीतरी म्हणालं, "माणसं काय झाडाला लागतात?" होनराव सर खिडकीपाशी आले. मला बघितलं. रागावले नाहीत. खिडकी लावून घेतली फक्त.

१ डिसेंबर

सिद्रामप्पा ओट्यावर नाहीत. गावाला गेले असतील.

२ डिसेंबर

दुसरा पण नाही. तिसरा पण.

३ डिसेंबर, शुक्रवार

बाजारापाशी रंभाबाई स्टो घेऊन चहाला बसतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "जीप येती की पाटंची. नावानं हाक मारत्यात. कुनी आपलं नाव घेतलं की मानूस उठतंयच."

नावानं?

तेवढ्यात सिद्रामप्पा आले. भिंत धरून, पाय फाकवून, एकेक पाऊल. खांद्यावर कोरी चादर, घडी पण मोडलेली नाही. म्हटलं, "बाबा, काय झालं?" त्यांनी चादर पुढं करून दाखवली. रंभाबाई म्हणाल्या, "आपरेशन केलं की देत्यात ती." त्यांनी चहा दिला, तो सिद्रामप्पांनी उभ्यानंच घेतला.

तसाच पुढं धावलो. चौथा नाही. पाचवा नाही. सहाव्याची पिशवी पायरीवर होती, तो नव्हता. मी लिहिलंय त्याच क्रमानं चाललंय. माझा कागद वाचून कोणीतरी चाललंय.

हणमंत जागेवर होता, दात घासत. सगळं सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "म्हंजी पोरंच व्हनार न्हाईत?"

"नाहीत."

हातातली राख खाली टाकली त्यानं. तोंड धुवायचं पण विसरला. गाडी ओढत चिंचेच्या वखारीमागं नेली. मी ढकलली. जाताना म्हणाला, "आता द्येव जरी जीप घिऊन आला तरी बसत न्हाय."

४ डिसेंबर, शनिवार

हेडमास्तरांचं काम. दुसऱ्या कुणाचं नाही. वयं विचारत होते ना.

शाळा भरायच्या आधी होनराव सरांना गाठलं. म्हटलं, "सर, तो कागद काढा. त्यावरनं माणसं उचलतायत." सरांनी एक शब्द न विचारता कागद काढला. टाचण्या एकेक करून. घडी घालून खिशात ठेवला. मला एवढं हलकं वाटलं की बसावं तिथंच.

डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाले, "तो तुझा हातगाडीवाला? तो नीट आहे ना?"

"आहे की सर. मी हलवला त्याला. चिंचेच्या वखारीमागं असतो आता. आठला येतो, पाचला उठतो. आणि माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही तो."

"तुझं ऐकतो?"

"माझं अक्षरसुद्धा ओळखतो सर, वाचता येत नसून. म्हैस म्हणतो माझ्या म ला."

सरांनी पाठीवर हात ठेवला. "चांगला बातमीदार झालास तू." हात लई गार होता.

आता लिहिताना वाटतंय — त्यांनी नुसतं नीट आहे का विचारलं. कोण, कुठं, कधी, सगळं मीच सांगितलं. पण सर आहेत ते.

५ डिसेंबर

वखारीकडं जायला निघालो. वाटेत कुस्त्या लागल्या होत्या. शेवटची सुटेपर्यंत अंधार. उद्या जाईन.

६ डिसेंबर

गाडी आहे. नवी दोरी आहे. गोधडी उलगडलेली, अर्धी खाली लोंबतेय. हणमंत नाही.

होनराव सर आज शाळेत आले नाहीत.

७ डिसेंबर

शिक्षकांच्या खोलीत आज सगळ्यांनी चहा घेतला. कप वाजत होते.

तासाला सर वहीत बघत म्हणाले, "मल्लप्पा, शनिवारच्या अंकात एक चौकट टाक. शाळेचं काम मुदतीत पूर्ण. बाकी हेडमास्तर सांगतील."

उभा राहिलो. म्हटलं, "कोण, सर? कुठं? कधी?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, काकाची गंमत. सरांनी खडू उचलला, परत ठेवला. "बस खाली," म्हणाले. मी बसलो नाही. घंटा होईपर्यंत उभा होतो, आणि घंटा होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

८ डिसेंबर

शाई मोरीत ओतली.

११ डिसेंबर, शनिवार

आज भिंत मोकळी.

शाळा सुटताना हणमंत फाटकाशी उभा होता, गजाला धरून. चादर घेतली नव्हती त्यानं. खिशातनं कोरं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "मनकर्णाच्या बाला लिही." काय लिहू ते मला विचारता येईना. एवढंच विचारलं — देव आला तरी बसणार नव्हतास ना?

"द्येव कुटला. तुझा मास्तर हुता. कागुद दावला बत्तीत धरून. बघितला तर तुझा म. म्हटलं, मल्लूनं बलिवलंय. आपनहून बसलो मी."