जाळ्यातला बगळा

मूल गाव, १९५६. सोमवार, दिवेलागण.

तलावात नवं जाळं टाकलं, तर मासोळ्या डोळ्यांदेखत निसटून गेल्या. घरी येऊन जाळं दोरीवर पसरलं आणि चक्रावलोच. बारीक भोकांच्या मधोमध मोठी मोठी भोकं, आणि जरा दूर उभं राहिलं की त्यांचा बगळा होतो! एका पायावर उभा. मायनं विणलेला.

"काऊन केलं वो माय असं?" मी ओरडलो.

"रोज पाहून राह्यली होती त्याले तलावावर," माय म्हणाली. "हातून आपोआप झाला." आणि लाजली.

बाबा गेल्यावर हिनंच जाळी विणून आम्हाला जगवलं. एक भोक मोठं झालं तरी रडत गाठी सोडायची, पुन्हा विणायची. मग आज? नजर गेली म्हणावं, तर बगळ्याची चोच किती नेमकी!

मी बगळ्याच्या पायापासून गाठी सोडायला बसलो. हात चालेना. मला राग आलाय की आणखी काही, समजत नाही. उद्या मासे कशात धरू?

आत्ताच माय येऊन म्हणाली, "सूत आहे का रे बाबू? एकटाच उभा आहे तो. जोडीले बगळी पाह्यजे."

मी म्हटलं, आणतो.

काऊन म्हटलं?