नऊ नंबरच्या बससाठी मी दिलेला लढा

३ ऑक्टोबर
बस मंडळाचं पत्रक आलं. नऊ नंबरला फेरीमागे सरासरी साडेसात माणसं मिळतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोजणी. सरासरी आठच्या खाली राहिली तर बस बंद.
शेजारची व्हर्लीन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. गाडी नाही. अकरा वर्षं रोज सकाळची ६.२२ ची बस. कुंपणापाशी पत्रक हातात धरून उभी होती. म्हणाली, "लायमन, बस गेली तर माझी नोकरी गेली. चार मैल आहे, तेही बर्फातून."
मी म्हणालो, "बस कुठेही जात नाही. मी आहे ना."
कॉरीनने खिडकीतून विचारलं, "तू शेवटचा बसमध्ये कधी बसलास?" बायकोला मूळ मुद्दा कळत नाही.
संकल्प: उद्यापासून सगळीकडे बसने.

४ ऑक्टोबर
वारा. सह्यांचे कागद छापायला लायब्ररीत गेलो. गाडीने. कागद उडाले असते.

९ ऑक्टोबर
गाडीने नऊ नंबरच्या पूर्ण मार्गावर फिरलो. २१२ सह्या. लोकांच्या भावना तीव्र आहेत. पेट्रोल पंपावरचे एक गृहस्थ म्हणाले, "बस हवीच. बाकीचे बसने गेले म्हणजे मला रस्ता मोकळा मिळतो." त्यांनी दोनदा सही केली.

१५ ऑक्टोबर, सकाळी १०
आज बसने जायला निघालो. ९.२२ ची. आमच्या थांब्यावर नुसता खांब आहे, आडोसा नाही. थांब्यापर्यंत गाडी नेली, खांबासमोर लावली, हीटर सुरू ठेवून आत बसलो. बस वेळेवर आली आणि थांबली नाही. मी हॉर्न वाजवला. ड्रायव्हरनेही वाजवला, हात केला, गेला.
अशाने प्रवासी कसे वाढणार?

१७ ऑक्टोबर
पुन्हा तसंच. आज मात्र ड्रायव्हरने बस शेजारी उभी करून खिडकी उघडली. होबार्ट त्याचं नाव.
"साहेब, गाडीत बसलेल्या माणसाला मी प्रवासी समजू कसा?"
मी म्हटलं, बाहेर थंडी आहे.
"असू दे. खांबापाशी उभे राहा. आणि इथे गाडी लावू नका. मला कडेला यायला जागा लागते. भर रस्त्यात मी कोणाला चढवत नाही, नियम आहे."
माणूस बरा आहे, पण नियमात अडकलेला. मंडळाला सूचना लिहिली.

२ नोव्हेंबर
योजना तयार. मोजणीच्या आठवड्यात गुरुवारी सह्या करणाऱ्यांपैकी निवडक दहा जण माझ्याबरोबर ६.२२ पकडणार. व्हर्लीनला सांगितलं. तिने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या चार बायकांना आठवडाभर बसने यायला लावलं आहे म्हणे. छान. छोट्या प्रयत्नांचंही मोल असतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
सगळे आले. एकही माणूस गळला नाही. दहा माणसं, सात गाड्या. थांब्याच्या पुढेमागे ओळीने लावल्या. थंडी असल्यामुळे सगळे आतच बसले. ६.२० ला मी इशारा केला, सगळे उतरले, गाड्यांच्या मागे उभे राहून हात हलवू लागले. देखणं दृश्य. व्हर्लीनही आमच्यात होती.
बसचा वेग कमी झाला. होबार्टने गाड्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि निघून गेला.
व्हर्लीन माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, चल, मी सोडतो. माझी गाडी दोन गाड्यांमध्ये अडकली होती. एकाची किल्ली सापडेना. ती ७.२५ ला पोहोचली. कामाची वेळ सातची. अकरा वर्षांत पहिल्यांदा उशीर. वाटेत एकदाच बोलली: "लायमन, सिग्नल हिरवा आहे."
बाकीचे पॅनकेक खायला गेले. एकजूट चांगली झाली.

१९ नोव्हेंबर
मोजणीचा निकाल. साठ फेऱ्या, ४७४ माणसं. हवी होती ४८०. गुरुवारी ६.२२ ला आमच्या थांब्यावर चढलेले: शून्य.
कॉरीन म्हणाली, "सहाच कमी पडली. तुम्ही तिथे किती जण होता?"
जर-तरला अर्थ नसतो. खरी लढाई जनसुनावणीत.

२४ नोव्हेंबर
सुनावणी संध्याकाळी सातला होती. पार्किंग भरलेलं. गावात बसबद्दल किती आस्था आहे, ते तिथेच दिसत होतं. मी सव्वीस मिनिटं बोललो. व्हर्लीन नव्हती.
अध्यक्षबाईंनी विचारलं, "इथे बसने कोण आलंय?"
मी ताडकन उठलो. म्हणालो, "कसं येणार? शेवटची बस सहा दहाला जाते." मुद्दा अचूक बसला.
त्या म्हणाल्या, "आणि तरीही सगळे आलात."
पाच विरुद्ध शून्य मतांनी बस बंद. एका सदस्याने मात्र डोळे पुसले. सर्दी होती, असं कॉरीनचं म्हणणं.

१ डिसेंबर
आजपासून नऊ नंबर नाही. व्हर्लीनची नोकरी मात्र टिकली. तिच्यासोबत काम करणारी एक बाई महिनाभर तिला गाडीतून नेणार, जानेवारीपासून व्हर्लीन हॉस्पिटलजवळ खोली घेतेय. घर विकायला काढलं.
मी जाऊन सांगितलं, घर सोडायची काय गरज? मी रोज सकाळी सोडीन. अगदी मनापासून सांगितलं.
ती खोकी बांधत होती. म्हणाली, "नको, लायमन. मला वेळेवर पोहोचायचं असतं."
बिचारी. तिला बसची सवय लागली आहे.