साबणाच्या डबीतला फॉल्ट

दादा,

तुमचा हात मी मोडला. गावाला तुम्ही सांगितलंत की कडुलिंबावर भोंगा बांधताना पडलो, आणि गावानंही ते मानलं, कारण पोरानं बापाचा हात मोडला हे मानण्यापेक्षा ते सोपं होतं. काल माझी मुलगी तिच्या मैत्रिणीला तीच गोष्ट रंगवून सांगत होती. आजोबा झाडावरून पडले, तरी आठवड्याच्या आत एका हातानं लग्न वाजवून आले, वगैरे. मी तिच्यावर असा खेकसलो की तिच्या हातातली बशी खाली पडली. काय चुकलं ते तिला कळेना आणि मला सांगता येईना. म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

टेंभुर्णीच्या बाजारातलं आपलं रेडिओ-भोंग्यांचं दुकान मला आधी वासानं आठवतं. राळेचा धूर, जुन्या रेडिओंतली धूळ आणि एकदा माझी स्वतःची जळलेली कातडी. अकरावीत असताना मी एका रेडिओची प्लस-मायनस तार उलटी जोडली होती. तुम्ही शिवी दिली नाहीत. तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललंत, माझ्या दंडाला टेकवलंत आणि म्हणालात, "आता इसरनार न्हाई." बरोबर बोललात, विसरलो नाही. तो डाग अजून आहे, आंघोळ करताना रोज दिसतो. स्पीकरच्या वायरीनं मारायचात, पक्कड फेकायचात, आणि मारून झालं की त्याच हातानं सोल्डरिंगचा इतका नाजूक टाका घालायचात की बघत राहावं. मोत्यासारखा गोल आणि चकचकीत. तुमच्या भोंग्यातून आवाज कधी फाटत नाही, हे पंचक्रोशीत नाव होतं. त्या नावासाठी तुम्ही मला भर मंडपातही मारलंय.

आणि मी काय बनवायला घ्यावं? आवाज मुद्दाम फाडणारी डबी! कॉलेज सोडून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. रेडिओवरच्या गाण्यांत मधूनच गिटार चवताळल्यासारखी ओरडते, तो आवाज मला हवा होता. माझ्या आत जे काही साठलं होतं, ते त्या आवाजात नेमकं बसायचं. रद्दीतल्या एका मासिकात सर्किट सापडलं: दोन ट्रान्झिस्टर, चार-सहा बारीक पार्ट आणि नऊ व्होल्टचा सेल. ट्रान्झिस्टर जुन्या पद्धतीचेच हवे होते, काचेचे, वरून काळा रंग दिलेले. ते मी जालन्याच्या जुन्या बाजारातून आणले. तिथे हलका माल रंगवून, वर भारी नंबर छापून विकायचे. तुमची शिकवणच होती की नवा माल आला की आधी ब्लेडनं खरवडायचा आणि खालचा खरा नंबर बघायचा. मी दोन्ही खरवडले. खाली दुसरा नंबर नव्हता, नुसती काच होती. फसवणूक झाली नाही म्हणून मी खूश झालो.

सगळं सर्किट मी एका दुधी प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत बसवलं. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात.

"काय करून राह्यला हे?"

"गिटारीचा आवाज फाडायची डबी."

"मी जल्मभर फाटका आवाज सांधून राह्यलो, अन् तू फाडून राह्यला?" पाठीत एक गुद्दा बसला. मग जाता जाता म्हणालात, "अन् साबनाच्या डबीत कोन सर्किट बसवतं? पत्र्याचा डबा घे."

तुम्ही सांगितलंत म्हणूनच मी पत्र्याचा डबा घेतला नाही.

मागच्या अंधाऱ्या खोलीत, ट्रकच्या बॅटरीवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरला मी ती डबी जोडली. पहिले दोन दिवस नुसती खरखर. मग एका दुपारी तार छेडली आणि गोणपाट टरकावल्यासारखा आवाज खोलीभर झाला. मी तो परत परत काढला. अधूनमधून आवाज तुटत होता, पण डबीला टिचकी मारली की परत यायचा. दोन दिवसांनी शेजारच्या गावात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. तिथे वाजवायचं ठरवलं. लग्नाच्या सकाळी दुकानात आलो तर डबी उघडी, तुमच्या हातात. मला बघून तुम्ही झाकण लावलंत आणि म्हणालात, "बघत होतो." मला परत वाजवून बघायला वेळ मिळाला नाही.

मंडपात ट्यूबलाइट लागलेल्या. मंगलाष्टकं सुरू आहेत, आणि वरातीचं गाणं लगेच सुरू करता यावं म्हणून मी डबी आधीच चालू करतो. भोंग्यातून भूंऽऽ असा आवाज येतो, भटजींचा आवाज त्यात बुडतो. मी वायर हलवतो, टिचकी मारतो, लाथ मारतो. आवाज हटत नाही. नवरदेवाचा मामा येऊन गिटार हिसकावतो आणि मंडपाच्या खांबावर आपटतो. मानेतून तुटते ती. मी त्याच्या नाकावर बुक्की मारतो, आणि मग सात-आठ जण मला मातीत घालून तुडवतात. एक दात तिथेच राहिला. तोंडात रक्त आणि माती, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: सकाळी डबी तुमच्या हातात होती.

रागाच्या भरात झालं असं म्हणायची सोय मला नाही. मी रात्रभर थांबलो. सकाळी दुकानात आलो, कोपऱ्यातला माइकच्या स्टँडचा लोखंडी दांडा उचलला आणि विचारलं, "डबीला हात लावल्ता का न्हाई?"

"लावल्ता. पन ऐक—"

मी ऐकलं नाही. तुम्ही उजवा हात आडवा धरलात, दांडा मनगटावरच बसला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तुम्ही खाली बसलात, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुमच्या डोळ्यांत माझी भीती दिसली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पोट भरून जेवल्यासारखं बरं वाटलं.

जाफराबादच्या हाडवैद्यानं हात बसवला तो वाकडाच. बोटं थरथरायची, आयर्न स्थिर राहायचं नाही. टाके मी घालू लागलो. त्यानंतर तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत, आणि लोक म्हणायचे, म्हातारा किती शांत झालाय.

डबी मी हातोड्यानं फोडणार होतो. फोडण्याआधी शेवटचं बघावं म्हणून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उघडून चालू केली. भूंऽऽ सुरू झालं. पार्ट चाचपायला हात पुढे नेला, तर आवाज थांबला. अजून कशालाच शिवलो नव्हतो. हात मागे घेतला, परत भूंऽऽ. हाताची नुसती सावली पडली की गप्प. तेव्हा कळलं. काचेवरचा काळा रंग उजेड अडवायला असतो, आणि तो मीच ब्लेडनं काढला होता. अंधाऱ्या खोलीत काही झालं नव्हतं. मंडपात ट्यूबलाइटचा उजेड दुधी डबीतून आत गेला आणि ट्रान्झिस्टर ट्यूबच्या न दिसणाऱ्या लुकलुकीच्या तालावर घुमायला लागले. पत्र्याचा डबा घेतला असता तर काहीच झालं नसतं. आणि माझ्या ओबडधोबड टाक्यांत एकच टाका वेगळा होता, मोत्यासारखा गोल, चकचकीत. आवाज जिथे तुटत होता नेमका तिथे. "पन ऐक" म्हणून तुम्ही हेच सांगणार होतात.

त्यावर सहा-सात वर्षं गेली असतील. एका दुपारी तुम्ही डाव्या हातानं बशीतला चहा पीत होतात, आणि मधेच विचारलंत, "त्या डबीतला फॉल्ट सापडला का रे मंग?"

मला तेव्हा बोलायला काय झालं होतं? मी मान वर न करता म्हणालो, "न्हाई. तुमी काय केल्तं ते तुमालाच म्हाईत."

तुम्ही बशी खाली ठेवून ते वाकडं मनगट चोळलंत. मग म्हणालात, "आसंल बाबा. माझाच टाका चुकला आसंल."

तुमचा टाका, दादा! तुम्ही तेच मनात धरून गेलात. मारलंत म्हणून हात मोडला, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, त्याची लाज मला फार वाटत नाही. मी दिलेल्या त्या खोट्या उत्तराची वाटते.

डबी अजून आहे, फोडली नाही. हा कागद घडी करून तिच्यातच ठेवतोय. मुलीला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, बहुतेक लिंबाचं झाडच राहील. फक्त तुम्हाला सांगतो: फॉल्ट मला चौथ्या दिवशीच सापडला होता, तेव्हा तुमचा हात अजून गळ्यात होता.